सामाईक प्रयोगशाळेतला उणे ८० अंश सेल्सियसचा फ्रीझर
नवी इमारत, चार विभाग, फ्रीझर एकच. भांडणं तिथूनच सुरू होतात, म्हणून मी आधी तोच लावते. भिंतीपासून वीतभर लांब. मागून गरम हवा येते. सॉकेट जनरेटरच्या लाइनवरच घ्या, गोव्यात पावसाळ्यात वीज जातेच. रात्रभर रिकामा चालवा, तापमान टिकलं तरच नमुने भरा. कप्पा विभागाच्या नावावर, माणसाच्या नाही: पीएचडीवाले जातात, डबे राहतात! सत्तरी तालुक्यातल्या माकडतापाच्या (गोचिडीतून पसरणारा विषाणूजन्य ताप) संशयित नमुन्यांना मात्र इथे जागा नाही. त्यांना वेगळी जैवसुरक्षित सोय लागते. दार उघडं ठेवून डबे शोधू नका. आपल्या दमट हवेनं रबरावर बर्फ चढतो, दार बसत नाही. तो प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडा, सुरीनं नको.