नकाशात नऊ मिनिटं, पायी पस्तीस: वस्तीचा आपत्ती आराखडा करताना या चुका टाळा

कुठल्याही वस्तीचा आपत्ती आराखडा तपासायला आला की मी आधी निवारा केंद्रांची यादी काढतो आणि विचारतो, "यातल्या पहिल्या केंद्राची किल्ली कुणाकडे असते?" बहुतेक वेळा समोरची मंडळी एकमेकांकडे बघतात. मग उरलेल्या दीडशे पानांत माझा फारसा जीव रमत नाही.

सुटकेचा रस्ता खुर्चीत बसून आखणं

ही चूक इतक्यांदा पाहिली आहे की आता चिडायचाही कंटाळा येतो. नदीकाठच्या एका वस्तीचा आराखडा तरुण मुलांच्या गटाने केला होता. मुलं हुशार, नकाशा देखणा. सखल गल्लीपासून शाळेतल्या निवाऱ्यापर्यंत ६५० मीटर, वेळ नऊ मिनिटं. म्हटलं, चला, चालून बघू. बाहेर पाऊस लागला होता. "उघडल्यावर जाऊ या का?" एकाने विचारलं. अरे, पूर काय उघडीप बघून येणार आहे?

त्याच गल्लीतल्या काठी टेकत चालणाऱ्या एक आजी हौसेने आमच्याबरोबर निघाल्या. दोनशे मीटर ठीक गेले. पुढे रुळांखालचा भुयारी रस्ता लागला आणि तिथे गुडघाभर पाणी. पाऊस फार नव्हता, अर्ध्या तासाची सर होती. नकाशात तो रस्ता सलग दिसत होता, कारण नकाशावर रस्त्याची रेघ असते, खोलगटपणा नसतो. मग वळसा घालून पादचारी पुलावरून गेलो. आजी जिन्यात दोनदा बसल्या. शाळेपाशी पोचायला पस्तीस मिनिटं लागली आणि फाटकाला कुलूप! किल्ली पहारेकऱ्याकडे, आणि पहारेकरी राहायला त्याच सखल गल्लीत, आम्ही जिथून निघालो तिथून चार घरं पलीकडे. म्हणजे पूर आला असता तर किल्ली पाण्यात आणि निवारा कोरडा ठणठणीत.

तेव्हापासून माझा नेम ठरलेला आहे. रस्ता पावसात एकदा, अंधारात एकदा चालायचा आणि वस्तीतल्या सगळ्यात सावकाश माणसाबरोबर चालायचा. त्याला लागलेली वेळ हीच आराखड्यातली वेळ. किल्ल्या तीन, वेगवेगळ्या उंचीवरच्या तीन घरांत. आणि पाणी आधी कुठे तुंबतं ते गटार साफ करणाऱ्यांना विचारायचं. त्यांना कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा जास्त कळतं, फक्त बैठकीला त्यांना कुणी बोलावत नाही.

सोयीची रंगीत तालीम

आधीच्या चुकीचा सख्खा भाऊ म्हणजे "लोक लांब यायला कंटाळतात, तालीम जवळच घेऊ." जपानमधल्या कामाइशी शहरातल्या उनोसुमाई भागाची गोष्ट मी अशा प्रत्येक बैठकीत सांगतो. तिथलं आपत्ती निवारण केंद्र हे त्सुनामीच्या वेळी जायचं ठिकाण नव्हतंच, खरी जागा उंचावर होती. पण केंद्र जवळ पडायचं, म्हणून तालमी तिथे व्हायच्या. ११ मार्च २०११ ला लोक पायांना सवय झालेल्या जागीच गेले. लाट केंद्रात शिरली आणि शंभराहून अधिक माणसं गेली. त्याच भागातल्या शाळेची मुलं मात्र ठरलेल्या जागी पोचूनही थांबली नाहीत. ही जागा पुरेशी उंच वाटत नाही म्हणत आणखी वर पळाली आणि वाचली. तालीम अवघड असेल तर लोक कुरकुरतात, हे खरं. कुरकुरू द्यावं.

"शंभर वर्षांतून एकदा" याचा भलता अर्थ

"शंभर वर्षांचा पूर आत्ताच येऊन गेला, आता नातवंडांच्या काळात बघू." हे वाक्य मी शिकल्या-सवरलेल्या अभियंत्यांच्या तोंडूनही ऐकलं आहे. त्या शब्दांचा अर्थ एवढाच, की तेवढा पूर कुठल्याही एका वर्षात येण्याची शक्यता १ टक्का. यंदा आला म्हणून पुढच्या वर्षीची शक्यता कमी होत नाही. तीस वर्षं राहायचं घर धरलं, तर त्या काळात एकदा तरी तो पूर येण्याची शक्यता साधारण २६ टक्के, म्हणजे चारातली एक! आणि हा १ टक्का जुन्या पावसाच्या नोंदींवरून काढलेला असतो. हवा तापली की ती जास्त बाष्प धरते, सरी जोरदार होतात आणि कालचा शंभर वर्षांचा पूर आज त्याहून लवकर दारात येतो. मी लोकांसमोर "शंभर वर्षं" हे शब्द वापरतच नाही. चारातली एक म्हटलं की खोली शांत होते.

नाला रुंद केला, काम फत्ते

एक हेक्टर जमिनीवर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे १० लाख लिटर पाणी. सगळीकडे काँक्रीट असेल तर जवळजवळ सगळं वाहत सुटतं. वरचा नाला रुंद केला की तेच पाणी आणखी वेगाने खालच्या अरुंद मोरीवर जाऊन आदळतं. तुमची वस्ती सुटली, शेजारची बुडाली. पाण्याला थांबायला जागा द्या. जुलै २०११ च्या ढगफुटीनंतर कोपनहेगनने तेच केलं. तिथलं एंगहाव पार्क आता गरज पडली तर २२ हजार घनमीटरहून अधिक पाणी पोटात घेतं, एरवी मुलं तिथे खेळतात. अशा कामाला वेळ लागतो आणि कोनशिलेचा फोटोही चांगला येत नाही, म्हणून घाईतल्यांना ते नको असतं.

बाकीच्या, थोडक्यात

जनरेटर वर, पण इंधनाचा पंप तळघरात. २०१२ मध्ये सँडी वादळात न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात हेच झालं. जनरेटर तेराव्या मजल्यावर होते आणि कर्मचाऱ्यांनी जिन्यात रांग लावून हातोहात इंधन वर पोचवलं. साखळीतली सगळ्यात खालची वस्तू कुठे आहे ते आधी बघा.

उन्हाच्या लाटेला आपत्ती न मानणं. इमारत पडत नाही, बातमीत चित्र दिसत नाही, पण १९९५ च्या जुलैत शिकागोत ७०० हून अधिक माणसं दगावली. त्यांत एकटे राहणारे म्हातारे खूप होते. एकट्यांची यादी करा आणि कोणी कुणाचं दार ठोठवायचं ते नावानिशी ठरवा.

इशारा फक्त मोबाइलवर. वीज गेली, टॉवर बंद. भोंगा ठेवा.

निवाऱ्यात जनावरांची सोय नाही. मग माणसंही येत नाहीत.

आणि फोन नंबरांची यादी. परवा आलेल्या आराखड्यातल्या अकरा नंबरांवर मी स्वतः फोन लावले. चार बंद, दोन चुकीचे, आणि एक माझाच, जो मी सहा वर्षांपूर्वी सोडला.