जुन्या मस्टँगचं पुढचं सस्पेन्शन: किट घेण्याआधी काय बघायचं आणि पैसे कुठे घालायचे

फोर्डच्या १९६५ ते १९७० च्या मस्टँग गाडीसाठी पुढच्या सस्पेन्शनची इतकी किट्स मिळतात की बघून डोकं गरगरतं. तरीही रस्त्यावर नेहमी चालवायच्या गाडीला त्यातलं सगळ्यात महाग किट क्वचितच लागतं. आधी झिजलेले भाग बदला, मग वरच्या आर्मची (चाकाला बॉडीशी जोडणाऱ्या दोन आडव्या भागांपैकी वरच्याची) जागा एक इंच खाली घ्या, त्यानंतर स्प्रिंग, शॉक आणि स्वे बार (वळणावर गाडीचं कलणं कमी करणारी आडवी दांडी). एवढं झाल्यावर गाडी चालवून बघा आणि मगच पुढचा खर्च ठरवा. हा क्रम उलटा केला की पैसे जातात आणि गाडी होती तशीच भरकटते.

या गाडीला वेगळी चेसिस नाही, सगळी बॉडी पत्र्याची आणि एकसंध आहे. इंजिनच्या दोन्ही बाजूंना पत्र्याचे उभे शॉक टॉवर असतात. कॉइल स्प्रिंग वरच्या आर्मवर बसते आणि तिचं वरचं टोक टॉवरमध्ये टेकतं, म्हणजे पुढचा सगळा भार टॉवर पेलतो. खालचा आर्म आतल्या बाजूला एकाच बोल्टवर हलतो. तो पुढे-मागे सरकू नये म्हणून त्याला स्ट्रट रॉड जोडलेला असतो. १९६७-६९ च्या कॅमेरोला पुढे बोल्टने जोडलेली सबफ्रेम आहे, आणि त्या काळच्या डॉज-प्लिमथना पुढे कॉइलऐवजी टॉर्शन बार आहेत. त्यामुळे त्या गाड्यांचे सल्ले इथे जसेच्या तसे लावू नका.

आधी गाडी तपासा

वरच्या आर्मचे बोल्ट जिथे टॉवरमधून जातात तिथला रंग आणि ग्रीस वायर ब्रशने साफ करा आणि टॉर्च तिरका धरून बघा. या भोकांभोवती केसाएवढ्या चिरा पडलेल्या सापडतात. चीर सापडली तर आधी वेल्डिंग आणि पट्टी, मग बाकीचं. न्यू जर्सी किंवा मिशिगनसारख्या, हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पडणाऱ्या भागातली गाडी असेल तर टॉवरचा तळ आणि पुढच्या रेल्स (तळाच्या लांब पोकळ पट्ट्या) स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा. टोक आत घुसलं तर पत्रा गेलेला आहे, आणि अशा पत्र्यावर कुठलंही किट बसवणं धोक्याचं आहे.

भार वरच्या बॉल जॉइंटवर (आर्म आणि चाक यांच्यातल्या फिरत्या सांध्यावर) येतो, म्हणून त्याची झीज बघताना वरचा आर्म आणि बॉडी यांच्यामध्ये लाकडी ठोकळा घाला आणि गाडी रेलखालून उचला. मग चाक वर-खाली हलवा. त्याच वेळी टाय रॉड एंड, आयडलर आर्म (हे दोन्ही स्टिअरिंगचे सांधे) आणि स्टिअरिंग बॉक्समधला खेळही बघून घ्या. या चार जागांचा खेळ कुठलंही किट लपवू शकत नाही.

चाकाचे बोल्ट मोजा. मूळ सहा सिलिंडरच्या गाडीला चार असतात, व्ही-८ ला पाच. सहा सिलिंडरचे स्पिंडल (चाक ज्यावर फिरतं तो आस) बारीक असतात आणि टाय रॉड एंडही वेगळे लागतात. इतक्या वर्षांत कुणीतरी अर्धवट बदल केलेला असू शकतो, म्हणून कागदपत्रांवर न जाता गाडीवर काय आहे ते बघूनच ऑर्डर द्या.

एक इंचाचं काम

मूळ रचनेत वळणावर गाडी कलली की बाहेरच्या चाकाचा माथा बाहेर झुकतो आणि टायर फक्त बाहेरच्या कडेवर चालतो. वरच्या आर्मचा आतला टेकू खाली आणला की चाक वर जाताना आर्म त्याचा माथा आत ओढतो आणि टायर रस्त्याला नीट टेकतो. फोर्डचे अभियंता क्लाउस आर्निंग यांच्या नावाने हे काम ओळखलं जातं. १९६५ च्या शेल्बी जीटी३५० वर ते केलेलं होतं, म्हणून त्याला शेल्बी ड्रॉपही म्हणतात. टेम्प्लेट, ड्रिल बिट आणि एक दिवस, एवढ्यात होणारं आणि इतका फरक पाडणारं दुसरं काम या गाडीत नाही.

गाडी रेलखाली घोड्यांवर (जॅक स्टँडवर) ठेवा, चाक आणि शॉक काढा. स्प्रिंग काढायला टॉवरच्या वरून आत जाणारा, याच रचनेसाठी बनवलेला कॉम्प्रेसर वापरा. बाहेरून दोन आकडे लावायचा स्ट्रटचा कॉम्प्रेसर इथे चालत नाही. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात मोडतो, त्यामुळे भाड्याने का होईना, योग्य हत्यारच आणा.

वरचा आर्म सोडताना १९६५-६६ च्या गाडीत आर्म आणि टॉवर यांच्यामध्ये शिम (पातळ चकत्या) निघतील. कुठल्या बोल्टवर किती होत्या ते लिहून ठेवा. टेम्प्लेट मूळ भोकांवर बोल्टने घट्ट बसवा. १९६५-६६ साठी नवं भोक एक इंच खाली आणि एक सूत (इंचाचा आठवा भाग) मागे येतं, १९६७ पासूनच्या गाड्यांत सरळ एक इंच खाली. सेंटर पंच मारा, एका सुताच्या बिटने पहिलं भोक पाडा आणि टप्प्याटप्प्याने १७/३२ इंचापर्यंत, म्हणजे जवळपास साडेतेरा मिलिमीटरपर्यंत न्या. एकदम मोठं बिट लावलं तर ते पत्र्यावर चालतं, भोक अंडाकृती होतं आणि अलाइनमेंट कधीच टिकत नाही. कडा घासून त्यांना प्रायमर लावा.

गाडी साधारण पाच सूत खाली बसते. स्प्रिंगही कमी उंचीची घेणार असाल तर हे आधीच हिशोबात धरा. एक इंचापेक्षा खाली जायचा मोह टाळा, कारण त्यापुढे बॉल जॉइंट त्याच्या कोनाच्या टोकाला जाऊन अडकतो आणि वेगळा पाचर बसवावा लागतो.

आर्म निघालेलाच आहे तर स्प्रिंगखालचा पर्चही बघा. मूळ पर्च रबराच्या बुशवर (सांध्यातल्या नळीवर) पिळतो, जुना झाला की कुरकुरतो आणि सस्पेन्शन जड करतो. बेअरिंगवर फिरणारा रोलर पर्च घातला तर लहान खड्ड्यांवर गाडी लगेच मऊ जाणवते.

स्ट्रट रॉड

रॉडच्या पुढच्या टोकाचं रबर सैल झालं की ब्रेक लावताना चाक मागे सरकतं आणि गाडी एका बाजूला ओढते. उपाय म्हणून पुष्कळ जण दोन्ही बाजूंना कडक पॉलीयुरेथेन बुश घालतात. ते करू नका. खालचा आर्म वर-खाली होताना रॉडचा कोन बदलतो, कडक बुश तो बदलू देत नाही, आणि रॉड आट्यांच्या मुळाशी वाकत-वाकत शेवटी तुटतो. तुटतो तोही ब्रेक लावताना. चांगलं नवं रबर घाला, नाहीतर बॉल जॉइंटवर फिरणारे अ‍ॅडजस्टेबल रॉड घ्या. या रॉडमुळे कॅस्टरही (चाक वळतं त्या अक्षाचा पुढे-मागे झुकावही) सहज लावता येतो. उघड्या जोडाचे रॉड घेतले तर धूळ-पाण्याने ते वाजू लागतात, म्हणून रोजच्या गाडीला रबरी टोपण असलेले बरे.

स्प्रिंग, बार आणि टॉवरचा आधार

रस्त्यासाठी एक इंच कमी उंचीची, इंचाला ६२० पौंडांच्या आसपासची स्प्रिंग आणि एक इंच जाडीचा पुढचा स्वे बार ही जुळणी नेहमी वापरली जाते. हे २८९ (घनइंचांच्या) इंजिनच्या गाडीचं गणित. ३९० सारखं जड इंजिन किंवा एसी असेल तर विक्रेत्याला तसं सांगून स्प्रिंग निवडा. शॉकअ‍ॅब्सॉर्बर स्प्रिंगच्या जोडीचेच घ्या. कडक स्प्रिंगवर मऊ शॉक लावला की गाडी नावेसारखी डोलते.

टॉवर काळाबरोबर आत झुकतात. फायरवॉलपासून (इंजिन आणि केबिन यांच्यातल्या पत्र्यापासून) टॉवरपर्यंतच्या दोन सुट्या पट्ट्यांच्या जागी एक्स्पोर्ट ब्रेस येतो, आणि दोन टॉवरमध्ये माँटे कार्लो बार. बार भोकांना जुळत नसेल तर टॉवर झुकले आहेत असं समजा. ते जॅकने हळूहळू बाहेर दाबून जागेवर आणा. बारची भोकं मोठी करून काम उरकू नका.

मोठं किट कधी?

कॉइलओव्हर (शॉकभोवतीच स्प्रिंग असलेल्या) किटने उंची आणि कडकपणा जुळवता येतो आणि टॉवर तसेच राहतात. ट्रॅकवर जाणाऱ्याला याचा खरा उपयोग आहे.

१९७४-७८ च्या मस्टँग-२ वरून नाव पडलेल्या किटमध्ये टॉवर कापून टाकतात आणि खाली नवा क्रॉसमेंबर (दोन रेल्स जोडणारा आडवा भाग) वेल्ड करतात. फोर्डचं कोयोटीसारखं रुंद इंजिन बसवायचं असेल तर जागा करायला हाच सरळ मार्ग आहे. मस्टँगच्याच बॉस ४२९ या आवृत्तीचं इंजिन बसवण्यासाठी टॉवर मुळातच बदलावे लागले होते. पण केवळ गाडी चांगली वळावी म्हणून टॉवर कापू नका. जो भार टॉवर पेलत होते तो आता पातळ रेल्सवर येतो. रेल्सना जाड पट्ट्या आणि फायरवॉलपर्यंत आधार दिला नाही तर महिन्याभरात दरवाज्यांच्या फटी बदललेल्या दिसतील. वेल्डिंग आधी आणि मापं नंतर असं झालं तर चाकांची मध्यरेषा पुढे-मागे राहते, आणि ते दुरुस्त करणं म्हणजे सगळं पुन्हा कापणं.

कुठलंही किट घेण्याआधी विक्रेत्याकडून या गोष्टी लेखी घ्या: डाव्या ते उजव्या हबच्या पृष्ठभागांमधलं अंतर मूळपेक्षा किती वाढतं, कमीत कमी किती इंची रिम लागतं, सध्याचा ऑइल पॅन आणि हेडर (एक्झॉस्टच्या नळ्या) बसतात का, आणि बॉल जॉइंट-बुश साध्या दुकानात मिळणारे आहेत की त्याच कंपनीचे. अंतर दोन्ही बाजूंना अर्धा इंच वाढलं तरी टायर फेंडरला घासू शकतो. मूळ १४ इंची रिममध्ये मोठी डिस्क मावत नाही. आणि आठ वर्षांनी ती कंपनी नसेल तर खास बॉल जॉइंट मिळणार नाही.

रॅक अँड पिनियन स्टिअरिंग घेणार असाल तर स्प्रिंग न घालता चाक दोन इंच वर आणि दोन इंच खाली हलवून टो (चाकाचं पुढचं टोक किती आत-बाहेर वळतं ते) मोजा. चाक लक्षात येण्याइतकं वळत असेल तर प्रत्येक खड्ड्यावर स्टिअरिंग हातातून हिसकलं जाईल.

घट्ट करणं आणि अलाइनमेंट

रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे घट्ट करा. चाकं लटकत असताना घट्ट केले तर गाडी खाली आल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं आणि फाटतं.

फोर्डचे मूळ अलाइनमेंट आकडे त्या काळच्या बायस-प्लाय (तिरक्या थरांच्या) टायरसाठी होते. रेडियल टायर आणि खाली घेतलेला आर्म असेल तर कॅम्बर (चाकाच्या माथ्याचा आत-बाहेर झुकाव) उणे अर्धा ते पाऊण अंश, कॅस्टर अधिक दोन ते तीन अंश आणि टो-इन एक सूत, इथून सुरुवात करा. हे आकडे कागदावर लिहून अलाइनमेंटवाल्याच्या हातात द्या, नाहीतर तो मशीनमधले जुने आकडे लावेल. १९६५-६६ ला समायोजन शिमने होतं, १९६७ पासून खालच्या आर्मच्या कॅमने आणि स्ट्रट रॉडच्या नटने. शिम इतक्या घालाव्या लागल्या की बोल्टचे आटे नटच्या बाहेर येत नाहीत, तर तिथेच थांबा. टॉवर झुकलेला आहे किंवा भोक चुकलेलं आहे.

शेवटी प्रत्येक नट आणि बोल्टवर मिळून पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढा. शंभर-दोनशे मैलांत स्प्रिंग बसतात. तेव्हा गाडी पुन्हा उचलून रेघा बघा, जिथे रेघ तुटली असेल तो नट पुन्हा टॉर्क पान्ह्याने घट्ट करा आणि अलाइनमेंट परत तपासून घ्या.