भावनांचा भर आणि हृदयाचे बिघडलेले ठोके : दोन्ही सांभाळताना

‘काळजाचा ठोका चुकणे’ हा बहुतेकांसाठी केवळ वाक्प्रचार असतो. ज्यांना हृदयाच्या ठोक्यांचा विकार आहे, त्यांना मात्र तो शब्दशः अनुभवावा लागतो. मला गेली अकरा वर्षे एसव्हीटीचा, म्हणजे ठोके एकाएकी अतिवेगाने पडू लागण्याचा त्रास आहे आणि या काळात सर्वाधिक वेळा मिळालेला सल्ला म्हणजे ‘तू फार मनाला लावून घेऊ नकोस’. तो मायेपोटी दिलेला असतो, पण त्याचा उपयोग होत नाही, कारण भावना विचारून येत नाही. ती येणारच असे गृहीत धरून आधी काय करायचे, ऐन वेळी काय करायचे आणि कोणत्या क्षणी तडक रुग्णालय गाठायचे, एवढे मात्र आपल्याला ठरवून ठेवता येते.

राग, भीती, आनंद यांतला फरक मनाला कळतो, हृदयाला तितकासा कळत नाही. कोणतीही उत्कट भावना सिम्पथेटिक, म्हणजे शरीराला संकटासाठी सज्ज करणाऱ्या, चेतासंस्थेला जागे करते, ॲड्रेनालिन आणि नॉरॲड्रेनालिन स्रवतात, ठोक्यांची गती ठरवणारा सायनस नोड वेग वाढवतो आणि हृदयाच्या इतर पेशीही अधिक सहज उद्दीपित होतात. निरोगी हृदयात यातून केवळ धडधड होते. ज्या हृदयात विद्युतप्रवाहाला एखादी जादा वाट आहे किंवा पेशींचा स्वभावच अस्थिर आहे, तिथे याच क्षणी लय बिघडू शकते. रक्तातले ॲड्रेनालिन काही मिनिटांतच ओसरू लागते, पण आपण तोच विचार घोळवत राहिलो की त्याचा नवा पुरवठा होत राहतो. म्हणून पहिल्या काही मिनिटांत आपण काय करतो, याला मी सर्वाधिक महत्त्व देते.

त्याआधी एक गोष्ट अनिवार्य आहे : आपला विकार नेमका कोणता, हे जाणून घेणे. हृदयाची रचना निर्दोष असेल, तर अधूनमधून पडणारे जादा ठोके बहुधा निरुपद्रवी असतात. एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर, काहींना भावनेच्या भरात होते, तर काहींना सगळे निवल्यावर, रात्री झोपेत किंवा भरपेट जेवणानंतर, कारण तिथे ठोके मंदावणाऱ्या व्हेगस चेतातंतूचा प्रभाव काम करत असतो. लाँग क्यूटी सिंड्रोम, म्हणजे प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला विद्युतदृष्ट्या पूर्ववत व्हायला जास्त वेळ लागण्याचा विकार, त्याच्या एका प्रकारात अचानक झालेला मोठा आवाज, अगदी गजराची किंवा फोनची घंटाही, घातक लय सुरू करू शकते. अशा माणसाच्या उशाशी कर्कश गजर असता कामा नये. सीपीव्हीटी या आनुवंशिक विकारात विश्रांतीच्या वेळचा ईसीजी साधारण दिसतो आणि धोका श्रमात व भावनावेगातच प्रकट होतो. या दोन विकारांत श्वासाचे व्यायाम औषधाची जागा घेऊ शकत नाहीत आणि बीटा ब्लॉकरची, म्हणजे ॲड्रेनालिनचा हृदयावरचा परिणाम रोखणाऱ्या औषधाची, एक मात्रा चुकणेही महागात पडू शकते. तेव्हा पुढच्या भेटीत हृदयरोगतज्ज्ञांना स्पष्ट विचारावे : ‘भावनेच्या भरात माझ्या बाबतीत नेमकी भीती कशाची आहे, आणि कशाची नाही?’ या प्रश्नाचा दुसरा भाग विचारायला आपण विसरतो, आणि खरा दिलासा तिथेच असतो.

नोंदवही ठेवावी. वेळ, प्रसंग, धडधड एकदम सुरू झाली की हळूहळू वाढली, किती वेळ टिकली, एकदम थांबली की ओसरत गेली, आदल्या रात्रीची झोप, कॉफी, मद्य, चुकलेली गोळी, एवढे पुरते. मी तीन महिने अशी वही लिहिली, तोवर माझी ठाम समजूत होती की मला भांडणे सोसत नाहीत. वहीत दिसले ते वेगळेच : ज्या दिवशी झोप अपुरी होती आणि जेवण टळले होते, त्याच दिवशीची भांडणे सोसली नव्हती. डॉक्टरांनाही ही वही कामी येते, कारण ठोक्यांची सतत नोंद ठेवणारे होल्टर यंत्र सहसा एकदोन दिवसच अंगावर असते आणि त्या दिवसांत नेमके काही घडत नाही.

जो प्रसंग आधीच ठाऊक आहे, त्याची तयारी करता येते. मुलाखत, निकाल, समारंभ, आवडत्या संघाचा अंतिम सामना, यांपैकी काहीही असो, आदल्या रात्रीची झोप राखावी, गोळी वेळेवर घ्यावी, पाणी पुरेसे प्यावे, मद्य टाळावे आणि सर्दीवरचे औषध घेण्याआधी त्यात ठोके वाढवू शकणारे स्यूडोएफेड्रिन नाही ना, हे विचारून घ्यावे. सामन्याचा उल्लेख मी सहज केलेला नाही. 2006 च्या फुटबॉल विश्वचषकात जर्मनीच्या सामन्यांच्या दिवशी म्युनिक परिसरात हृदयाच्या तातडीच्या तक्रारी एरवीच्या सुमारे 2.66 पट आढळल्या होत्या आणि आधीपासून हृदयविकार असलेल्यांत ही वाढ अधिक होती. सामना पाहू नये, असा याचा अर्थ मी घेत नाही; बसून पाहावा, मध्यंतरात उठून दोन मिनिटे शांत खोलीत जावे आणि त्या दिवसाची औषधे अजिबात चुकवू नयेत.

आता ऐन वेळेचे. धडधड जाणवली की प्रथम बसावे. चक्कर येत असेल तर आडवे व्हावे. गाडी चालवत असाल तर ती सुरक्षितपणे कडेला घ्यावी. मग श्वास सोडण्याकडे लक्ष द्यावे, घेण्याकडे नव्हे : चार आकडे मोजत नाकाने आत, सहा आकडे मोजत हळू बाहेर, म्हणजे मिनिटाला साधारण सहा श्वास. घाबरून मोठमोठे श्वास ओढले तर हातापायांना मुंग्या येतात आणि भीती आणखी वाढते. नंतर अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर दोन बोटे हलकेच टेकवून तीस सेकंद नाडी मोजावी, ठोके नियमित आहेत की वेडेवाकडे तेही पाहावे, आकडा लिहून ठेवावा आणि बोटे काढून घ्यावीत. पुन्हापुन्हा नाडी चाचपणे किंवा मनगटी घड्याळाच्या पडद्यावर डोळे लावून बसणे म्हणजे स्वतःच्या भीतीला खतपाणी घालणे होय. ती भीतीही ॲड्रेनालिनच स्रवते.

एसव्हीटीच्या रुग्णांसाठी आणखी एक उपाय आहे, मात्र तो आपल्यासाठी सुरक्षित असल्याचे डॉक्टरांनी सांगितले आणि समोर करवून घेतला, तरच वापरावा. अर्धवट बसून रिकाम्या सिरिंजमध्ये, तिचा दट्ट्या जेमतेम हलेल इतक्या जोराने, 15 सेकंद फुंकायचे. लगेच सपाट झोपायचे आणि दुसऱ्या कोणीतरी आपले पाय 45 अंशांत 15 सेकंद उचलून धरायचे. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत या सुधारित पद्धतीने 43 टक्के रुग्णांची लय पूर्ववत झाली, तर जुन्या पद्धतीने, म्हणजे पाय न उचलता नुसते फुंकून, 17 टक्क्यांची. मानेतली रक्तवाहिनी चोळण्याचा प्रकार मात्र घरी कोणीही करू नये.

काही लक्षणांना घरगुती उपाय नाही. शुद्ध हरपणे किंवा हरपेल असे वाटणे, छातीत दुखणे, बसल्याजागी धाप लागणे, न थांबणारी अतिजलद नाडी, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे किंवा एका हातातली शक्ती जाणे, यांपैकी काहीही दिसले तर तत्काळ रुग्णवाहिका बोलवावी. भावनेच्या भरात किंवा श्रम करताना एकदा जरी शुद्ध गेली असेल, आणि त्यातही घराण्यात कोणी तरुणपणी अचानक दगावले असेल, तर ‘अशक्तपणा असेल’ म्हणून सोडून देऊ नये. ज्यांच्या छातीत आयसीडी, म्हणजे घातक लय ओळखून शॉक देणारे यंत्र, बसवलेले आहे, त्यांनी एक शॉक बसून नंतर बरे वाटले तरी त्याच दिवशी आपल्या दवाखान्याला कळवावे. लागोपाठ शॉक बसले किंवा बरे वाटेनासे झाले, तर रुग्णालय गाठावे. बरे वाटू लागले म्हणून बीटा ब्लॉकर स्वतःहून एकाएकी बंद करू नये, कारण त्याने ठोके उलट उसळू शकतात.

राहिला प्रश्न घरच्यांचा. आमच्याकडे मध्यंतरी माझ्यापासून बातम्या लपवल्या जात, आणि दाराआडच्या त्या कुजबुजीनेच माझी छाती अधिक धडधडत असे. शेवटी मी सर्वांना समोर बसवून सांगितले की काहीही लपवू नका, फक्त सांगण्याआधी मला बसू द्या. गेल्या महिन्यात मुलीचा फोन आला, तिचे पहिले वाक्य होते, ‘आई, बसली आहेस ना?’ मी खुर्ची ओढली, श्वास सावकाश सोडला आणि म्हटले, ‘बसले, आता सांग.’ ती आई होणार होती. नाडी मिनिटाला 104 लागली, नियमित होती. मी आकडा वहीत लिहिला आणि मग मनसोक्त रडले.