मॅकडोनाल्ड सांगायचा तर आधी सात वाट्या काढा

आमच्या मुलुंडच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर महिन्यातून एका शनिवारी कुणीतरी चाळीस मिनिटं बोलतं. लेक कॅनडात किंग्स्टनला असल्यामुळे तिथला पहिला पंतप्रधान माझ्या वाट्याला आला. फळ्यावर मी झोकात लिहिलं, 'सर जॉन मॅकडोनाल्ड आणि वसाहतींचं एकत्रीकरण'. खुर्च्या कमी पडल्या! कारण नंतर कळलं. निम्मी मंडळी आपल्या कॉलनीच्या रिडेव्हलपमेंटबद्दल ऐकायला आली होती. एक गृहस्थ तर फाइल घेऊन पहिल्या रांगेत.

आणि मी सुरुवात केली 'जन्म 1815, ग्लासगो'पासून. एकतीस वर्षं इतिहास-नागरिकशास्त्र शिकवल्याची खोड, दुसरं काय. दहाव्या मिनिटाला पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. शेवटी फाइलवाल्या गृहस्थांनी विचारलं, "बाई, ते सगळं ठीक. पण यात प्रत्येकाला मिळणार काय होतं?" लोक हसले, मीही हसले. रिक्षात बसल्यावर लक्षात आलं की खरा प्रश्न त्यांनीच विचारला होता. तेव्हापासून हे व्याख्यान पाच-सहा ठिकाणी दिलंय. कुणाला द्यायचं असेल तर माझी रीत अशी.

सात स्टीलच्या वाट्या घ्या, त्यातली एक अगदी छोटी, कुंकवाची चालेल. एक लांब टेबल, साधा टेबलक्लॉथ, परकराची नाडी, दुधाच्या पिशवीला लावायचं रबरबँड आणि मूठभर चिंचोके. चिंचोके टेबलाच्या मधल्या भागात आधीच पसरून ठेवा आणि त्याबद्दल चकार शब्द काढू नका. लोकांना ती सजावट वाटते. वाटू द्या.

वाट्या म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहती. टेबलाच्या उजव्या टोकाला सहा वाट्या, डाव्या टोकाला एकटी सातवी. ती ब्रिटिश कोलंबिया, पॅसिफिकच्या काठावरची. उजवीकडे नोव्हा स्कॉशिया, न्यू ब्रन्सविक, छोटी वाटी प्रिन्स एडवर्ड आयलंड, अगदी कडेला न्यूफाउंडलंड. उरलेल्या दोन वाट्या एकमेकींना चिकटवून रबरबँडने बांधा. त्या कॅनडा वेस्ट आणि कॅनडा ईस्ट. एकीकडे मुख्यतः इंग्रजी बोलणारे, दुसरीकडे फ्रेंच. 1841 मध्ये इंग्रज सरकारने दोघांना एका विधिमंडळात कोंबलं आणि जागा दिल्या समसमान. पुढे इंग्रजी भागाची लोकसंख्या वाढली आणि तिकडचा जॉर्ज ब्राऊन म्हणायला लागला, माणसं जास्त तर जागा जास्त. फ्रेंच म्हणाले, मुळीच नाही. सरकारं पडायला लागली.

इथे थांबा आणि श्रोत्यांना विचारा, आता काय कराल? आमच्याकडे दर वेळी कुणीतरी आजी पटकन म्हणतात, "चुली वेगळ्या करा."

हेच तर झालं. माझ्या मते सगळं व्याख्यान या एका जागी उभं राहतं, म्हणून घाई करू नका. रबरबँड काढा, दोन वाट्या सुट्या करा आणि मगच बाकीच्या जवळ सरकवा. 1867 चं एकत्रीकरण एका फाळणीने सुरू झालं. कॅनडा वेस्टचं ऑन्टारिओ झालं, ईस्टचं क्विबेक. शाळा, मालमत्तेचे कायदे, स्थानिक कारभार ज्याचा त्याच्याकडे. सैन्य, व्यापार, नाणं आणि वाटणीत न आलेले उरलेसुरले अधिकार केंद्राकडे. दक्षिणेला अमेरिकेत यादवी पेटलेली होती. राज्यांना डोईजड होऊ दिलं की काय होतं ते मॅकडोनाल्ड रोज वर्तमानपत्रात वाचत होता. आपल्या संविधानातही उरलेले अधिकार केंद्राकडेच आहेत, कलम 248. हे सांगितलं की माझे जुने विद्यार्थी मान डोलावतात. पाठ केलेलं असतं ना!

यानंतर माणूस आणा, आधी नाही. पाच वर्षांचा असताना आईवडिलांबरोबर स्कॉटलंडहून किंग्स्टनला आला. वडिलांचे धंदे बुडत गेले, म्हणून पंधराव्या वर्षी वकिलाच्या कचेरीत उमेदवारी. पहिली बायको वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेली. पहिलं मूल तेरा महिन्यांचं होऊन गेलं. त्या बाळाची खेळणी त्याने पेटीत जपून ठेवली होती, ती पुढे दुसऱ्या बायकोला सापडली. एवढंच सांगा आणि गप्प बसा. दारू प्यायचा, भरपूर प्यायचा. ते लपवू नका, पण त्यावर हशे मिळवत दहा मिनिटंही घालवू नका. मी एकदा घालवली आणि क्विबेकचे 72 ठराव, म्हणजे एकत्रीकरणाचा आराखडाच, दोन वाक्यांत गुंडाळावे लागले. त्या ठरावांचा बराचसा मसुदा त्याचा होता. बर्गरचा विनोद श्रोत्यांतून येतोच, आपण करू नये.

1864 च्या सप्टेंबरची शार्लटटाऊनची परिषद मात्र रंगवून सांगा. खरं तर ती नोव्हा स्कॉशिया, न्यू ब्रन्सविक आणि प्रिन्स एडवर्ड आयलंड या तीन सागरी वसाहतींनी आपापसात एक होण्यासाठी ठेवलेली बैठक. कॅनडावाले आगंतुक. 'क्वीन व्हिक्टोरिया' बोटीतून शँपेन घेऊन पोचले तर धक्क्यावर स्वागताला कोण? गावात कितीतरी वर्षांनी सर्कस आलेली, हॉटेलं भरलेली. एक स्थानिक मंत्री होडी वल्हवत सामोरा गेला. पुढच्या काही दिवसांत मेजवान्या झडल्या आणि यजमानांचा मूळ विषय बाजूला पडून पाहुण्यांचाच पुढे आला. गिरगावात आमच्या चाळीच्या मीटिंगला बिल्डरची माणसं पेढे घेऊन यायची, ते मला दर वेळी आठवतं.

दुसरी रंगवायची जागा लंडनची. डिसेंबर 1866, कायद्याचा मसुदा चाललाय, मॅकडोनाल्ड हॉटेलात मेणबत्तीच्या उजेडात वाचता वाचता झोपला. जाग आली तेव्हा पलंग आणि पडदे पेटलेले. हाताने पडदे ओढून काढले, पाणी ओतलं, मग शेजारच्या खोलीतून कार्तिएला उठवलं. हा क्विबेकचा फ्रेंच नेता, त्याचा जोडीदार. खांदा भाजला होता. फेब्रुवारीत त्याच शहरात त्याने दुसरं लग्न केलं. 1 जुलै 1867 ला कायदा अमलात आला तेव्हा चार प्रांतांचा देश झाला आणि हा पंतप्रधान.

आता फाइलवाल्या गृहस्थांचा प्रश्न. कुणाला काय मिळालं? वाटी सरकवताना नेमकी अट बोलायची. न्यू ब्रन्सविक आणि नोव्हा स्कॉशियाला हवी होती क्विबेकपर्यंतची रेल्वे. तिचं वचन थेट कायद्याच्या कलमात घातलं. शिवाय केंद्राकडून दरवर्षी माणशी 80 सेंट. नोव्हा स्कॉशियाची वाटी थोडी आपटून सरकवा, कारण तिथल्या सरकारने लोकांचा कौल न घेताच होकार दिला होता. जनरल बॉडी न बोलावता कमिटीने सह्या कराव्यात तसं. लोकांनी पहिल्याच निवडणुकीत 19 पैकी 18 जागा विरोधकांना दिल्या. मॅकडोनाल्डने काय केलं? विरोधकांचा म्होरक्या जोसेफ हाऊ याच्याशी बोलणी करून 1869 मध्ये पैसे वाढवून दिले आणि त्यालाच मंत्रिमंडळात घेतलं. आमचा कट्टा इथे खळखळून हसतो. महाराष्ट्रात राहणाऱ्यांना यात नवीन काय!

छोटी वाटी 1867 मध्ये आली नाही. 1873 मध्ये आली, स्वतःच्या रेल्वेच्या कर्जात बुडाल्यावर. कर्ज केंद्राने उचललं आणि इंग्लंडात बसून खंड खाणाऱ्या जमीनदारांच्या जमिनी विकत घ्यायला आठ लाख डॉलर कबूल केले. श्रोत्यांत कोकणातली मंडळी असतील तर 'खोत' एवढा एक शब्द पुरे, पुढचं समजवावं लागत नाही.

सातव्या वाटीसाठी नाडी घ्या. ब्रिटिश कोलंबिया 1871 मध्ये आली ती दहा वर्षांत रेल्वे मिळेल या बोलीवर. नाडी उजव्या टोकापासून डावीकडे ओढत न्या. ती चिंचोक्यांवरून जाते, काही खाली पडतात, आणि तेव्हा कुणीतरी विचारतं, "अहो, हे कशाला ठेवलेत?"

ती तिथली माणसं. मधला सगळा टेबलक्लॉथ, म्हणजे तिथली जमीन, हडसन्स बे या ब्रिटिश व्यापारी कंपनीकडून तीन लाख पौंडांना घेतला, त्यावर राहणाऱ्यांना न विचारता. लुई रिएल आणि त्याचे मेटी लोक, म्हणजे आदिवासी आणि युरोपियन अशा मिश्र वंशाचे, 1869 मध्ये उठले, त्यातून मॅनिटोबा प्रांत झाला. 1885 मध्ये पुन्हा उठले. त्या वर्षी 7 नोव्हेंबरला रेल्वेचा शेवटचा खिळा ठोकला आणि 16 ला रिएल फासावर गेला. मैदानातल्या आदिवासींना हलवण्यासाठी मॅकडोनाल्डच्या सरकारने उपाशी माणसांचा शिधा रोखला. 1883 पासून त्यांची मुलं आईबापांपासून तोडून निवासी शाळांत घालण्याचं धोरण सुरू केलं. जे चिनी मजूर डोंगर फोडत होते, त्यांच्या लोकांवर रूळ पूर्ण झाले त्याच वर्षी माणशी 50 डॉलर प्रवेशकर बसवला. हे सगळं 'दुसरी बाजू' म्हणून शेवटी चिकटवू नका. मी पहिल्यांदा तसंच केलं होतं, आणि लोक तोवर चपला शोधायला लागले होते. नाडी हातात असतानाच सांगा. रेल्वेच्या कंत्राटासाठी घेतलेल्या पैशांपायी 1873 मध्ये मॅकडोनाल्डला पायउतार व्हावं लागलं, तेही तिथेच येतं. 1878 मध्ये लोकांनी परत निवडून दिलं आणि 1891 मध्ये मेला तो पंतप्रधान म्हणूनच.

पुतळ्याचा प्रश्न हमखास येतो. किंग्स्टनच्या सिटी पार्कमध्ये त्याच्या पुतळ्यापाशी नातवाबरोबरचा माझा 2019 चा फोटो आहे. जून 2021 मध्ये पुतळा तिथून काढला. श्रोते लगेच दोन तट पाडतात. मी फक्त मुंबईतल्या काळ्या घोड्याच्या, म्हणजे घोड्यावरच्या इंग्रज राजाच्या पुतळ्याची आठवण करून देते. 1965 मध्ये तो हलवला, आज राणीच्या बागेत उभा आहे, आणि चौकाला लोक अजून काळा घोडाच म्हणतात. वाद तिथेच सोडा, नाहीतर चहा गार होतो.

एवढं होईपर्यंत न्यूफाउंडलंडची वाटी कडेला तशीच राहिलेली असते. आपण हात लावायचा नाही. कुणी विचारलंच तर सांगा की ती 31 मार्च 1949 ला आली, दोन सार्वमतं घेऊन, तीही निसटत्या बहुमताने. मागच्या वेळी तेच फाइलवाले गृहस्थ उठले, वाटी सरकवली आणि म्हणाले, "आमच्या सोसायटीत पण एक जण असाच अडून बसलाय."