कॉकेशसचा नकाशा थराथरांनी कसा काढावा

नागपूरच्या अभ्यासिकांत काराबाख, अबखाझिया, दक्षिण ओसेतिया ही कॉकेशसमधल्या वादग्रस्त प्रदेशांची नावं तारखांसकट पाठ असतात, पण कोरा नकाशा समोर आला की हात अडतो. कारण सगळ्या रेषा एकाच कागदावर काढलेल्या असतात. त्या वेगवेगळ्या काळातल्या आहेत. प्रत्येकीला वेगळा कागद द्या.

ए-३ ड्रॉइंग शीट आणि त्याच मापाचे तीन ट्रेसिंग पेपर घ्या. प्रमाण १ सेंमीला २५ किमी. रेखांश ४० ते ५१ पूर्व, अक्षांश ३८ ते ४४ उत्तर. चौकटी चौरस काढू नका. या पट्ट्यात एक अंश रेखांश म्हणजे साधारण ८४ किमी (३.४ सेंमी) आणि एक अंश अक्षांश १११ किमी (४.४ सेंमी). चौरस काढले तर जॉर्जिया आडवा ताणला जातो. मे महिन्यात कूलरसमोर बसून ट्रेसिंग तर नकोच. दमट हवेने पेपर फुगतो, रेषा सरकते, आणि लाचिनजवळ, म्हणजे आर्मेनिया आणि काराबाख यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत, सगळा खेळ काही मिलिमीटरचाच आहे.

शीटवर पक्क्या शाईने जॉर्जिया, आर्मेनिया, अझरबैजान यांच्या सीमा काढा. १९९१ साली सोव्हिएत संघ संपला तेव्हा जगाने याच मान्य केल्या.

पहिल्या ट्रेसिंगवर सोव्हिएत काळातले स्वायत्त प्रदेश: अबखाझिया, दक्षिण ओसेतिया, अजारिया, नखचिवान, नागोर्नो-काराबाख. वादाचं मूळ या थरात आहे, म्हणून इथे वेळ द्या. १९५६ साली विदर्भाचे आठ जिल्हे मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आले. नागपूरची राजधानी गेली, पण देश तोच राहिला. काराबाखच्या प्रादेशिक सोव्हिएतने (तिथल्या प्रतिनिधी सभेने) फेब्रुवारी १९८८ मध्ये अझरबैजानातून आर्मेनियात जाण्याची मागणी केली. ती मान्य झाली नाही, आणि पुढच्या चार वर्षांत आर्मेनिया-अझरबैजानमधली तीच अंतर्गत रेषा दोन देशांमधली झाली.

दुसऱ्या ट्रेसिंगवर प्रत्यक्ष ताबा, दर वर्षाला वेगळा रंग: १९९४ (पहिल्या काराबाख युद्धाचा शेवट, लाल), २००८ (रशिया-जॉर्जिया युद्ध), २०२० (दुसरं काराबाख युद्ध), २०२३ (काराबाख अझरबैजानच्या ताब्यात). हमखास चूक होते ती १९९४ ची. तेव्हा आर्मेनियन फौजांकडे जुन्या स्वायत्त काराबाखबाहेरचेही जिल्हे होते, लाचिन त्यातच. म्हणून लाल रेषा पहिल्या थराच्या बाहेर जायलाच हवी. सप्टेंबर २०२३ नंतर ती पूर्ण पुसली गेली. एक लाखाहून जास्त आर्मेनियन घरदार सोडून गेले.

क्रांत्यांना रेषा नको, राजधानीवर ठिपका आणि साल पुरे: तिबिलिसी २००३, येरेवान २०१८. स्वायत्त प्रदेशांतला एक अपवाद लिहून ठेवा: २००४ साली अजारिया युद्धाशिवाय तिबिलिसीच्या ताब्यात आला.

तिसऱ्यावर वाटा: आर्मेनियाला वळसा घालून जाणारी बाकू-तिबिलिसी-जेहान तेलवाहिनी, रशियाला दक्षिण ओसेतियाशी जोडणारा रोकी बोगदा, लाचिनचा रस्ता. शेवटी इंगुरी जलविद्युत प्रकल्पाच्या दोन खुणा करा. धरणाची भिंत जॉर्जियाच्या ताब्यात, मुख्य वीजगृह अबखाझियात. तिन्ही थर एकावर एक ठेवले की ताब्याची रेषा या दोन खुणांच्या मधून गेली पाहिजे. गेली नाही तर दुसरा पेपर सरकला आहे.