लोखंडी कंडुइटची अर्थिंग: खरी गोम बॉक्सच्या आट्यात

आमच्या मामाची सांगलीत पिठाची गिरणी आहे. 2019च्या महापुरात अख्खी पाण्यात गेली, नंतर वायरिंग सगळं नवीन केलं, लोखंडी कंडुइट (म्हणजे ज्यातनं वायरी नेतात तो पाइप), लोखंडी बॉक्स, दिसायला एकदम झकास. आणि पुढच्याच पावसाळ्यात स्विचच्या बॉक्सला हात लागला की मुंग्या! मामा म्हणतोय "अर्थिंगचा खड्डा सुकला असंल, दोन बादल्या पाणी ओत". ओतलं, काय फरक नाही. मग बॉक्स उघडला तर पाइपाच्या आट्यांवर चक्क टेफलॉन टेप गुंडाळलेली, पाणी आत जाऊ नये म्हणून म्हणे. अहो नळाचं काम आहे का हे?

लोखंडी पाइप म्हणजे नुसतं वायरीचं कव्हर नाही, फेजची वायर कुठं सोलली आणि पाइपाला टेकली तर तो करंट पाइपातनंच अर्थिंगला जाणार, म्हणजे प्रत्येक आट्याचा जॉइंट हा वायरचाच जॉइंट समजा. हिशोब बघा, एका जॉइंटला 5 ओहम रेझिस्टन्स आला तर 230 व्होल्टला जेमतेम 46 अँपिअर जातात आणि 16 अँपिअरची सी टाइप एमसीबी (जादा करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) झटक्यात पडायला 80 ते 160 लागतात. म्हणजे ती गरम होऊन पडेपर्यंत त्या जॉइंटच्या पलीकडचा पाइप जवळजवळ 230 व्होल्टवर, आणि त्यालाच आपण हात लावून उभे.

आता काम. आधी मेन बंद, आणि टेस्टर चालू लाइनवर लावून तो पेटतोय का बघून मगच त्याच्यावर विश्वास ठेवा. पाइप हॅक्सॉनं सरळ कापा, आतली धार गोल कानशीनं मारा नाहीतर वायर ओढताना सोलते. आटे पाडायची डाय कंडुइटचीच घ्या, 20 आणि 25 एमएम दोन्हीला आट्याचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, 1.5 एमएम असतो. नळाच्या डायचे आटे वेगळे, उतरते, ते बॉक्समध्ये नीट बसतच नाहीत. आटे पाडून झाले की तेल आणि कीस पुसून टाका.

बिडाच्या बॉक्सला तोंडाला आटे असतात तिथं सोपं आहे, आधी हातानं फिरवा मग पान्यानं कचकून, किमान पाच आटे आत गेले पाहिजेत. टेप, सफेदा, ताग असलं नळाचं काही नको. पत्र्याच्या बॉक्सला मात्र खरी मेहनत, कारण पावडर कोटिंगमधनं करंट जात नाही. भोकाभोवती आतनं बाहेरनं पत्रा चकचकीत दिसेपर्यंत घासा, दोन्ही बाजूनं चेकनट (पातळ लॉकिंग नट) आवळा, वायर सोलू नये म्हणून टोकाला बुश लावा. मधेच कुणी पीव्हीसीचा बेंड घातला असेल तर साखळी तिथंच तुटली, दोन्ही बाजूच्या पाइपांना क्लॅम्प मारून हिरव्या, म्हणजे अर्थच्या, वायरनं जोडून घ्या.

आणि एवढं करूनही एकट्या पाइपावर विसंबू नका, आतनं हिरवी वायर वेगळी ओढा, टोकाला थिंबल (वायरीवर दाबून बसवायचं भोकाचं टोक) मारून प्रत्येक बॉक्सच्या अर्थ स्क्रूला. गिरणीच्या थ्री फेज मोटरला तर दोन स्वतंत्र अर्थिंग लागतात, तो नियमच आहे.

टेस्टिंगला नुसता मल्टीमीटर फसवतो, त्याचा करंट इतका कमी की एका आट्याला टेकलेला जॉइंटपण पास होतो. मेन बंदच ठेवून, हिरवी वायर सोडवून, गाडीची 12 व्होल्टची बॅटरी आणि 55 वॅटचा हेडलाइट बल्ब घ्या, बॅटरीच्या एका टोकाकडनं बल्बमधनं लांबच्या बॉक्सला, दुसरं टोक अर्थच्या पट्टीला, सगळीकडं जाड वायर. चार-साडेचार अँपिअर जातात. बॅटरीवर थेट पेटतो तसा पेटला तर ठीक, मिणमिणला तर एकेक बॉक्स अलीकडं येत जा, जिथं उजेड वाढला त्याच्या पलीकडचा, लांबच्या बाजूचा जॉइंट खराब. मामाकडं तिसऱ्या बॉक्सला सापडला. मग हिरवी वायर परत जोडायला विसरू नका.

उघडे आटे गंजतात म्हणून रेड ऑक्साइड मारायचा, पण आवळून, टेस्ट करून झाल्यावर. मी चहाला गेलो तेवढ्यात मामानं हौसेनं घासलेल्या पत्र्यालाच ब्रश मारून ठेवला होता, चेकनट बसायच्या आधी, परत घासत बसलो.