सूक्ष्मपतंग ओळखायचा तर आधी तोंडाचा फोटो

मोठे पतंग पंखांवरच्या नक्षीवरून ओळखता येतात. तीच सवय पाच-सात मिलिमीटरच्या सूक्ष्मपतंगांना लावली की माणूस हमखास तोंडघशी पडतो. रात्री दिव्यासमोर ताणलेल्या चादरीवर बसलेला करडा पतंग, वरून काढलेला एकच फोटो आणि खाली ठोकून दिलेलं जातीचं नाव: एवढं मात्र करू नका.

टोमॅटोवरची नागअळी घ्या, टुटा ॲब्सोल्युटा. भारतात तिची पहिली नोंद २०१४ साली महाराष्ट्रातच झाली. तिचा पतंग करडा, पंखांवर काळे ठिपके. बटाट्यावरची पाकोळी, थोरिमिया ऑपरक्युलेला, हीसुद्धा करडी आणि ठिपक्यांचीच, जरा मोठी इतकंच. दोघींचं कुळ जेलेकिडी, आणि २०२१ मध्ये टुटालाही थोरिमिया प्रजातीतच घातलं गेलं. पंखांवरचे खवले झडले की उरतो तो नुसता करडा तुकडा. कामगंध सापळ्याच्या (मादीच्या गंधाने नरांना ओढणाऱ्या) चिकट पट्टीवरून सोडवलेल्या पतंगाचं तर हेच होतं. फोटोत मोजपट्टी नसेल तर ‘जरा मोठी’ हा फरकही हातचा गेला.

म्हणून बाजूने, डोळ्याच्या पातळीवर कॅमेरा आणून फोटो काढाच. तोंडापुढे दोन स्पर्शक असतात, पाल्प. जेलेकिडीत ते कोयत्यासारखे वर वळून डोक्याच्याही वर जातात. क्रॅम्बिडीतल्या गवतावरच्या पतंगांत ते चोचीसारखे सरळ पुढे येतात. टिनिडीत डोक्यावर विस्कटलेल्या केसांसारखे खवले दिसतात. एवढं दिसलं तरी कुळापर्यंत पोचता येतं, आणि नवख्यासाठी ती मोठीच मजल आहे. वाईट वाटून घेऊ नका, जाणकारही पुष्कळदा तिथेच थांबतात.

१:१ मॅक्रोवर, म्हणजे सेन्सरवर प्रतिमा खऱ्या आकाराएवढीच पडते तेव्हा, २४ मिमी रुंद सेन्सरमध्ये ६ मिमीचा पतंग चौकटीच्या रुंदीचा जेमतेम पाव भाग व्यापतो. एवढ्याशात बारकावे दिसावेत म्हणून फ्लॅशवर पातळ पांढरा कागद लावा, भिंगाचं छिद्र (ॲपर्चर) एफ-११च्या आसपास ठेवा. पतंग थांबत नसेल तर पारदर्शक डबीत घालून दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीजरमध्ये नव्हे. मग त्याच अंतरावरून मिलिमीटरच्या आलेखकागदाचाही एक फोटो घ्या.

फोटोवरून जीव ओळखणारं ॲप सुचवतं ते नाव म्हणजे ओळख नव्हे. त्याला मिळालेल्या फोटोंत आपल्याकडचे सूक्ष्मपतंग फार थोडे असतात, मग ते दिसायला जवळची परदेशी जात पुढे करतं. त्यावर ॲपवरच्या आणखी दोघांनी ‘सहमत’ दाबलं म्हणून ती खरी ठरत नाही. नाव लगेच सांगणाऱ्यापेक्षा ‘बाजूचा फोटो आहे का? कुठल्या झाडावर होता?’ असं विचारणारा गुरू धरा.

अळी सापडली तर पानासकट डबीत ठेवा, कोष करेपर्यंत रोज ताजं पान द्या, मग पतंग बाहेर येईपर्यंत थांबा. खाद्य वनस्पती कळली की निम्म्या शक्यता गळतात. तरीही दोन सारख्या जातींतला गुंता सुटला नाही तर पोटाचं टोक १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये मऊ करून जननेंद्रियं सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागतात. ते काम प्रयोगशाळेचं. तोवर नोंदीत फक्त ‘जेलेकिडी, टोमॅटोवर, ६ मिमी’ लिहा.